लाल गोळी थोरल्याची

मी जन्माची बोलघेवडी. आई म्हणायची, हिला गप्प बसवायचं तर तोंडात भाकरी कोंबावी लागते. आणि माझं लग्न झालं ते अशा घरात, जिथे सुनेने जेठाशी बोलायचं नसतं. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या साक्रीकडे ही रीत तेव्हा फार कडक. जेठ समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायचा, अंग चोरून भिंतीकडे सरकायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. अगदी घराला आग लागली तरी पोरांना सांगायचं, "सांगा रे मोठ्या बाबांना." गावात घर ऐसपैस असतं, पुढचं दार, मागचं दार असतं, तिथे हे सोंग निभतं. सिल्वासाला आमची एकच खोली होती. एका खोलीत जेठाला तोंड न दाखवता संसार करून बघा, मग मला रीतिभाती शिकवा.

जेठ आधी आले होते. ऐंशीच्या पुढे तिथे कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, आणि आमच्या धुळे जिल्ह्यातली तरणी पोरं पिशव्या घेऊन वापीच्या गाडीत बसू लागली. मसाटच्या एका यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या, कंपनीत जेठ चिकटले, चिकटून मुकादम झाले. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला आणलं. मग मी गेले, माझ्या लहानग्या मुलीला कडेवर घेऊन. जेठाणी आणि तिच्या तीन मुली गावाला सासूजवळ राहिल्या. शेत कोरडवाहू, त्यात काय पिकणार? गावाकडची चूल पेटायची ती जेठांच्या पगारावर. हे मला कधी कुणी विसरू दिलं नाही.

चाळ म्हणजे पत्र्याखाली ओळीने खोल्या. मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचतच नव्हत्या, वर हातभर फट. पलीकडच्या खोलीत कुणी शिंकलं की आमच्याकडे मुलगी दचकायची. शेजारच्या एका खोलीत किती माणसं राहतात हे खोलीवाल्यालाही माहीत नसेल. पहिल्या शिफ्टचे उठून गेले की तिसऱ्या शिफ्टचे येऊन त्याच गोधड्यांवर आडवे व्हायचे, गोधडी गार व्हायला फुरसतच नाही. कोण बिहारचा, कोण ओरिसाचा, कोण आमच्या नवापूरकडचा, सगळ्यांचा श्वास एकच. कोण खोकतंय ते आवाजावरून ओळखू यायचं. खोकला सगळ्यांनाच होता म्हणा. कुणी म्हणे तेलाच्या वाफेने, कुणी म्हणे धाग्याच्या धुळीने. खऱ्या रोगाचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती, कारण नाव घेतलं की कंपनी "जा, बरा होऊन ये" म्हणायची, आणि बरा होऊन आलेल्याला गेटवरचा वॉचमन ओळखायचा नाही.

माझ्या नवऱ्याचं तसंच झालं. संध्याकाळचा ताप यायचा, अंग घामाने भिजायचं, आणि एक दिवस मशीनवरच रुमालात रक्त पडलं. सगळ्यांनी बघितलं. झाकली मूठ उघडली. कंपनी सुटली ती सुटलीच. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, टीबी निघाला. तिथले डॉक्टर बोलायला तुटक होते पण माणूस चांगला. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "महिन्याच्या गोळ्या एकदम देतोय. पांढऱ्या आहेत त्या घ्यायच्याच, पण ही लाल आहे ना, ही मुख्य. सकाळी उपाशीपोटी. एकही चुकवायची नाही. लघवी लाल होईल, घामसुद्धा लालसर येईल, घाबरायचं नाही. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलंत तर पुढे कुठलंच औषध चालणार नाही." मी मान डोलावली. यांनीही डोलावली.

चाळीत लोक आमच्या ओट्यावरून वळसा घालून जाऊ लागले. समोरची गुजराती बेन रोज माझ्याकडून मिरची-कोथिंबीर न्यायची, ती न्यायची बंद झाली. खोलीवाला एकदा दारात येऊन घुटमळला, पण भीती म्हणा की भीड म्हणा, जेठ मुकादम होते. त्याच्या इतर भाडेकरूंना कंपनीत लावायचं ते जेठांच्याच हातात. म्हणून आमची खोली टिकली. मला त्या वेळी जेठांचे उपकार वाटले. खोटं कशाला बोलू, पदराआडून मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले होते.

मी टोकरखाड्याच्या सरकारी कॉलनीत धुणीभांडी धरली. आमच्या घराण्यात सुनेने दुसऱ्याची भांडी घासणं म्हणजे नाक कापणं, पण नाक घेऊन काय करायचं होतं? मला नवरा हवा होता. बस्स, एवढंच. हा माणूस उठून उभा राहिला पाहिजे, माझ्या पोरीला बाप राहिला पाहिजे, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. मिळेल त्यातून मी अंडी आणायचे. रोज एक अंडं उकडायचं, ते यांच्या हातात द्यायचं, आणि ते संपेपर्यंत हलायचं नाही. मुलगी टकमक बघायची. तिला सांगायचे, "बाबा बरे झाले की तुला." पोरगी शहाणी, हट्ट केला नाही कधी.

औषध लागू पडलं होतं. मला ते कसं कळलं सांगू? धुण्यातून. यांच्या बनियनला काखेत नारिंगी डाग पडायला लागले, साबण घासघासून हात सोलले तरी जाईनात. नळावरच्या बायका म्हणायच्या, "अगं, टाकून दे ते." मी म्हणायचे, "टाकू कशाला? माझं कुंकू आहे ते." हसायच्या मेल्या. पण खरंच, तो डाग बघितला की मला हायसं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध अंगात जातंय, अंगातून बाहेर येतंय. यांच्या गालावर मांस चढलं. खोकला कमी झाला. होळीला आम्ही सगळे गावी गेलो तर सासूने लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. जेठ त्या वेळी जरा ओढल्यासारखे दिसत होते. तीन शिफ्टचं काम, दिसणारच, असं सगळे म्हणाले.

गावाहून परत आल्यावर हे फार गोड वागायला लागले. एरवी माझ्या बडबडीला कावायचे, आता हसून ऐकायचे. मुलीला दुधनीला पाणी दाखवायला नेलं. धरणाच्या काठावर बसून तिला मासे धरणाऱ्यांच्या होड्या दाखवल्या, मला भजी आणून दिली. मी म्हटलं, देवा, दृष्ट नको लागू देऊ.

मग उन्हाळ्यात ताप परत आला.

आधी मी म्हटलं, ऊन बाधलं असेल. मग खोकला परत आला, गाल परत बसले. मी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी यांच्याकडे रोखून बघितलं. "गोळ्या घेतोस ना नीट?"

"हो साहेब. एकही चुकवली नाही."

"लाल?"

"लालपण."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी साक्षीला आहे ना साहेब. महिना संपतो तेव्हा डबा रिकामा असतो." मुलगी माझ्या मांडीवर होती. हे तिच्या केसांतून हात फिरवत होते, मान वर न करता. मला वाटलं, आजाराने खचलेत.

गोळी घ्यायच्या वेळी मी कधीच खोलीत नसायचे. नळाला पाणी यायचं भल्या सकाळी, तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायका रांगेत. घरात फक्त दोघे भाऊ. जेठ शिफ्टवरून आलेले असायचे किंवा निघायच्या तयारीत असायचे. आणि इकडे जेठांनाही खोकला लागला होता. ते तोंडावर टॉवेल दाबून खोकायचे. मी यांना सांगितलं, "अहो, तुमच्या दादांना दाखवा की दवाखान्यात. तुमच्यासारखंच खोकतात ते." हे एकदम खेकसले, "धुळीने होतं ते. तू उगाच नाही तिथे तोंड घालू नकोस." जेठांना मी स्वतः विचारू शकत होते का? नाही. दोन हातांवर माणूस बसलेला, त्याच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती, आणि मी पदराच्या आत मुकी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

एका सकाळी मी नळावर कपडे घासत होते. सगळ्यांचं धुणं माझ्याकडेच. यांचं बनियन हातात आलं, मी सवयीने काखेवर साबण लावला आणि थांबले. स्वच्छ. पांढरं. नारिंगीचा नुसता मागमूस. जुना डाग होता तो, फिका पडत चाललेला. नवा डाग नव्हताच. मी म्हटलं, असेल, घाम कमी येत असेल. मग खालचं बनियन उचललं. जेठांच्या बनियनला पुढे खिसा असायचा, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. त्या खिशाच्या बनियनला दोन्ही काखांत ताजा, गडद नारिंगी डाग.

मी ती दोन्ही बनियनं दोन हातांत धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. मागची बाई ओरडली, "ए बाई, नळ काय तुझ्या बापाचा?" मी बादली तिथेच सोडली आणि ओले कपडे घेऊन खोलीत गेले. जेठ कंपनीत होते. हे भिंतीला टेकून बसले होते. मी दोन्ही बनियनं त्यांच्या पुढ्यात आपटली.

"लाल गोळी कुठे जाते?"

त्यांनी एकदा बनियनकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग अगदी शांतपणे म्हणाले, "दादाला टीबी आहे."

"मग दवाखान्यात का नाही जात?"

"रांगेत कंपनीचं कुणी ना कुणी असतंच. कुणी बघितलं की नोकरी गेली. माझी गेलीच आहे. दादाची गेली तर घर कोण चालवेल? ही खोली तरी राहील का?"

"म्हणून तुमची गोळी त्यांना?"

"सगळी नाही. पांढऱ्या मी घेतो. लाल दादाला."

ऐका! लाल दादाला. आमच्या घरात तव्यावरची पहिली भाकरी थोरल्याची, दुधावरची साय थोरल्याची, पाहुणे आले तर पाट थोरल्याचा. तशी लाल गोळीही थोरल्याची. डॉक्टर मुख्य गोळी म्हणाले ना, मग मुख्य वस्तू धाकट्याच्या तोंडात कशी जाईल? या माणसाने आपल्या जिवाचं औषध पंगतीसारखं वाढलं होतं. ते मला समजावत होते, एकाच आईच्या पोटचे, एकच रोग, एका घरात एक औषध दोघांनी वाटून घेतलं तर काय बिघडलं?

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी परक्यांची भांडी घासते, पोरीच्या तोंडचं अंडं काढून तुम्हाला देते. आणि इकडे? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं."

ते ताडकन उठले. अंगात त्राण नव्हतं तरी उठले. "दादाला कुत्रं म्हणतेस?"

बघा, एवढंच ऐकू आलं त्यांना. आंधळं कुणाला म्हटलं ते नाही ऐकू आलं. आणि डॉक्टरांसमोर मला खोट्या साक्षीला उभं केलं होतं त्याचं तर त्यांच्या गावीही नव्हतं.

दुपारी जेठ शिफ्टवरून आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. मी ताट वाढलं, आणि पदर मागे सारून त्यांच्या समोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा सरळ बघितला. खरंच आजारी दिसत होते, माझ्या नवऱ्याचेच डोळे, तसेच खोल गेलेले. क्षणभर मला दयाही आली. तरी मी बोलले.

"दादा, उद्या तुम्ही दवाखान्यात जायचं. स्वतःच्या नावाने. माझ्या नवऱ्याचं औषध आजपासून तुम्हाला मिळणार नाही."

त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावाकडे वळून म्हणाले, "तुझी बाई बोलायला लागली रे." एवढं म्हणून ताटावरून उठले, पिशवी भरली आणि गावाची गाडी धरली. हे चाळीच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागे धावत गेले, खोकत, चपला न घालता.

त्यानंतर यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. लाल गोळी मी स्वतः तोंडात टाकायचे, पाणी पाजायचे, जीभ उचलून बघायचे. ते गिळायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. नळावर मी नंतर जायचे, पाणी मिळो न मिळो. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते नुसते खुर्चीत मागे टेकले. इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या बदलल्या. थुंकी तपासली, परत तपासली. शेवटी मला एकटीला बोलावून म्हणाले, "ताई, अर्धवट औषधाने जंतू निबर झालेत. आता आमच्याकडचं काही त्यांना लागू होत नाही. मुंबईला मोठी औषधं आहेत, पण ती..." पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. माझ्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

बनियन पुन्हा नारिंगी झालं होतं. त्याचा आता उपयोग नव्हता.

जेठांनी मात्र गावाकडे तालुक्याच्या दवाखान्यात स्वतःच्या नावाने औषध घेतलं. तिथे कंपनीचं कोण बघणार होतं? पूर्ण कोर्स केला. ठणठणीत झाले. कंपनीत पाठदुखीची रजा सांगितली होती, परत कामावर लागले. खोली वेगळी घेतली, आमच्याकडे फिरकले नाहीत. हे सुचायला त्यांना माझं तोंड उघडावं लागलं, आधी का नाही सुचलं, हा प्रश्न मी अजूनही विचारते. भिंतीला विचारते, आणि कुणाला?

हे गेले ते पुढच्या वर्षीचा पावसाळा संपता संपता. जाण्याआधी एकदा बोलले माझ्याशी. मला वाटलं, मुलीचं काही सांगतील. म्हणाले, "दादाची माफी माग."

मी मागितली नाही.

दहाव्याला गावी भाऊबंद जमले. पुरुष ओट्यावर, बाया आत. जेठ मधोमध बसले होते, अंगाने भरलेले, पांढरी टोपी, दाढी वाढलेली. कुणीतरी विचारलं, "एवढा तरणाबांड, झालं तरी काय?" जेठांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "काय सांगू? डॉक्टर चांगले होते, औषध फुकट होतं. त्याने गोळ्या नीट घेतल्या नाहीत. फार सांगितलं मी."

मी आत बायांमध्ये बसले होते. कशी उठले, कशी उंबरा ओलांडून ओट्यावर आले मला आठवत नाही. डोक्यावर पदर नव्हता एवढं आठवतं. सगळ्या भाऊबंदांच्या देखत मी म्हटलं, "गोळ्या कुणी खाल्ल्या ते सांगा ना, दादा. सांगा, लाल गोळी कुणी खाल्ली?"

जेठांनी मान खाली घातली. मी वाट बघत होते की आता गलका होईल, कुणीतरी त्यांना जाब विचारेल, निदान मला तरी कुणी "आत जा" म्हणून ओरडेल. काहीच झालं नाही. कुणाला नवल वाटल्याचं दिसेना. आणि मग दाराआडून सासू बोलली, आमच्या अहिराणीत, अगदी हलक्या आवाजात, लहान मुलीला समजावतात तशी.

"त्याले कशाले बोलस, माय? मीच सांगेल व्हतं. होळीले तुम्ही उनात ना, तव्हय. धाकला बरा दिसे, थोरला सुकी गयथा. मी म्हन्तं, लाल गोळी थोरलाले दे. धाकलानी काही तोंड वर करं नही. हां म्हने, माय."

मी जेठाणीकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. होळीला, माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन, मी मागे परसात भांडी घासत असताना, या माणसांनी बसून ठरवलं होतं. माझ्या नवऱ्याला विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि मग येऊन मला भजी खाऊ घातली.

"आणि मला?" मी म्हटलं. "मला कुणी विचारलंत?"

सासू बाहेर आली. माझ्या डोक्यावर तिने स्वतःच्या हाताने पदर नीट घेतला. तिचे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते. तिचाही लेकच गेला होता.

"एक तरी वाचाले जोयजे व्हता ना, माय," ती म्हणाली. "थोरलाले तीन आंडेरी. तुले एकच."

आंडेर म्हणजे मुलगी. माझी एकुलती एक त्या वेळी माझ्या पायाला बिलगून उभी होती, आणि तिला हे सगळं नीट कळलं.